चौथं नख

मामा : दिव्याची मान अजून खाली घे. एवढी नको, कॅमेऱ्याला आपटेल. हां. आता मोठ्या पडद्यावर काय दिसतंय?

भाची : लाखेचा गोळा दिसतोय. आणि तुमचा अंगठा.

मामा : अंगठा असू दे. लोक खडा बघायला येत नाहीत, हात बघायला येतात. किती वाजले?

भाची : अकरा वीस. मामा, मी काय म्हणते...

मामा : सकाळपासून तिसऱ्यांदा 'मी काय म्हणते' म्हणालीस आणि अजून काहीच म्हणाली नाहीस.

भाची : आज काचेचाच खडा बसवून दाखवू या का? कालच्या तालमीचा. लोकांना सरळ सांगू, हा सरावाचा आहे म्हणून.

मामा : का?

भाची : सहज. तोही हिरवा, चौकोनी, तेवढाच. अंगठीसुद्धा त्याच घडणीची. खडा धरणारी तीन नखं दाबलेली, चौथं उघडं. पडद्यावर फरक कळायचा नाही.

मामा : पडद्याला कळायचा नाही, पण समोरच्या रांगेत त्या दोघी बहिणी बसणार आहेत. त्यांच्या आईचा पाचू आहे तो. एकतीस वर्षांपूर्वी मीच आईच्या अंगठीत बसवला, आता थोरलीच्या अंगठीत बसवतोय. शेवटचं नख त्यांच्या डोळ्यांदेखत बंद करायचं आणि आतल्या बाजूला आईचं नाव कोरायचं, असं ठरलंय. प्रदर्शनाच्या कागदावर छापलंयसुद्धा. बघ, माझा फोटो केवढा टाकलाय. माणूस गेल्यावर टाकतात तेवढा.

भाची : असलं बोलू नका हो.

मामा : मग तू एवढी का बिचकतेयस? तुला काय करायचंय, अवजारं हातात द्यायची. त्या दातांच्या डॉक्टरला देत होतीस तशी.

भाची : तिथं दात मोडला तर डॉक्टर म्हणायचे, मुळातच किडलेला होता.

मामा : आपल्याकडेही असं म्हणणारे आहेत. मी त्यातला नाही. आपल्या दुकानातला नियम काय आहे?

भाची : माहीत आहे.

मामा : मग म्हण.

भाची : खडा फुटला तर त्याच मिनिटाला सांगायचं. सांगितलं तर ओरडा, लपवलं तर दार.

मामा : तुझ्याआधी दोघांना दार दाखवलंय. त्यातला एक माझा सख्खा मेहुणा. तुझी मामी चार महिने माझ्याशी बोलत नव्हती. बरे गेले ते महिने. चल, मी माईकवाल्याला गाठून येतो. काल आवाज असा येत होता, जसा मी विहिरीत पडून बोलतोय. ही खुर्ची इथं कुणी आणून ठेवली?

भाची : सकाळपासून तिथंच आहे, मामा. लागलं का?

मामा : नाही लागलं. डबीला हात लावू नकोस.

(मामा खांबांच्या पलीकडे जातात. शेजारच्या स्टॉलवरची अवजारवाली मधला पडदा सारून डोकावते.)

अवजारवाली : गेले? किती गं पांढरी पडलीस, चुन्याची भिंत बरी. काही खाल्लंयस का सकाळपासून?

भाची : घशाखाली उतरत नाही, ताई.

अवजारवाली : तुमच्याकडे निदान गर्दी तरी होणार आहे. माझ्याकडे सगळे येतात, कोरण्या हातात घेऊन बघतात, मशीनचा भाव विचारतात आणि फुकटचं पेन घेऊन जातात. चारशे पेनं गेली, एक मशीन गेलं नाही. काय झालं, सांग बघू.

भाची : कुणाला बोलणार नाही ना?

अवजारवाली : माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आमचे हे म्हणतात. पण धंद्यातलं मी बोलत नाही. सांग.

भाची : पाचूला चीर गेलीय.

अवजारवाली : आजच्या?

भाची : आजच्याच. उघड्या नखाच्या कोपऱ्यातून आत. पांढरी, केसाएवढी. दहा वाजता मी डबी पुसायला घेतली. म्हटलं, भिंगाखाली एकदा बघून घ्यावं. तर ही.

अवजारवाली : पडला वगैरे होता का हातातून?

भाची : माझ्याच हातून झालंय. काल संध्याकाळी मामा म्हणाले, तिसरं नख तू दाब. तीन वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा पाचू माझ्या हातात दिला. मी दाबलं आणि टिक झालं. बोटांना जाणवलं ते. लगेच भिंग लावून बघितलं, तेव्हा काही नव्हतं. मामांनी विचारलं, झालं का, मी म्हटलं झालं. आणि आज ही चीर.

अवजारवाली : त्यांना सांगितलंस?

भाची : तीनदा तोंड उघडलं. तुम्ही त्यांचा चेहरा बघितलाय ना, असं काही सांगायला गेलं की कसा होतो तो. पण न सांगून कसं चालेल? चौथं नख नेमकं त्याच कोपऱ्यावर बसतं. दाबलं की खडा दुभंगणार. एवढ्या मोठ्या पडद्यावर, दोनशे माणसांसमोर, त्या बहिणींसमोर. आणि तेव्हा अवजार मामांच्या हातात असेल, माझ्या नाही.

अवजारवाली : थांब जरा. सकाळी तुझे मामा माझ्याकडे आले होते, अंगठी धुवायला.

भाची : कशात धुवायला?

अवजारवाली : ह्या मशीनमध्ये. पाणी थरथरवून मळ काढतं ते. मला म्हणाले, तालमीची अंगठी पॉलिशनं काळी झालीय, दोन मिनिटं घालतो. मी म्हटलं घाला, तेवढंच माझं मशीन चालू दिसेल.

भाची : तालमीची म्हणजे काचेची.

अवजारवाली : हिरवी होती एवढं खरं. मी काय भिंग लावून बघत बसले?

भाची : पण दोन्ही अंगठ्या एकाच डबीत होत्या, काचेची मी दहा वाजता काढून ह्या ट्रेमध्ये ठेवली. ही बघा. हिला काळं अजून तसंच आहे.

अवजारवाली : अगं बाई.

भाची : ही धुतलेलीच नाही, ताई.

अवजारवाली : मग त्यांनी धुतली ती...

भाची : पाचू मशीनमध्ये घालत नाहीत. माझ्या वहीतलं पहिलं वाक्य आहे ते, त्यांनीच लिहून घेतलेलं. पाचूच्या पोटात चिरा असतातच, त्या तेल भरून बुजवलेल्या असतात. मशीनमध्ये तेल निघून जातं आणि चिरा उघड्या पडतात, वाढतातही. आमच्याकडे झाडू मारायला येणाऱ्या मावशींनासुद्धा हे पाठ आहे. मामा कसं करतील असं?

अवजारवाली : त्यांना वाटलं काच आहे.

भाची : काच कोरी असते हो. पाचूच्या आत रेषांची झाडंझुडं दिसतात. टेबलाच्या पलीकडे ठेवला तरी मामा सांगायचे, कुठल्या मापाचा, किती जुना.

अवजारवाली : सांगायचे, खरंय. काल माझ्याकडून कोरणी घेतली तेव्हा मला नंबर विचारत होते. दांड्यावर एवढ्या मोठ्या आकड्यात छापलाय. मला वाटलं, चष्मा विसरले.

भाची : चष्मा डोळ्यांवरच होता.

अवजारवाली : होता खरा.

भाची : मागच्या दोन्ही प्रदर्शनांत सगळी अक्षरं माझ्याकडून कोरून घेतली. मला वाटायचं, मला पुढं आणतायत. मी घरी फोन करून सांगितलं होतं, मामा मला पुढं आणतायत म्हणून.

अवजारवाली : रडू नकोस. कॅमेरा चालू नाही ना तो? हे बघ, मी वीस वर्षं ह्या बाजारात आहे. इथं बातमी चहा निवायच्या आत शेवटच्या स्टॉलला पोचते. ह्यांना दिसत नाही एवढं कळलं, की उद्यापासून ह्यांच्या हातात कुणी खडीसाखरेचा खडाही देणार नाही. त्यापेक्षा तू सांग, मी घातला मशीनमध्ये म्हणून. शिकणाऱ्याची चूक माफ असते. शिकवणाऱ्याची नसते.

भाची : आणि मला दार दाखवलं तर?

अवजारवाली : तू तिशीतली आहेस. तुला दुसरं दार उघडेल. त्यांना उघडणार आहे का? आले बघ ते. मी पेनं मोजते.

मामा : माईक चालू करून आलो. बहिणी खाली आल्यायत म्हणे, चहा घेतायत. डबी दे. अंगठी लाखेत रोवून ठेवू.

भाची : मामा, आधी बसा.

मामा : बसायला वेळ कुठाय?

भाची : पाचूला चीर आहे.

मामा : काय म्हणालीस?

भाची : चीर आहे. उघड्या नखाच्या कोपऱ्यातून आत गेलीय.

मामा : हळू बोल. तसलं काही नाही. मी सकाळी बघितलाय तो.

भाची : परत एकदा बघा.

मामा : दे भिंग. कुठला कोपरा म्हणालीस? हा? काही नाही इथं. स्वच्छ आहे. तुझ्या डोळ्यांत भीती बसलीय, तीच तुला खड्यात दिसतेय.

भाची : सुई घ्या. तिचं टोक त्या कोपऱ्यावरून हलकं ओढा. बघू नका, नुसतं ओढा.

मामा : मला शिकवतेस?

भाची : ओढा ना, मामा. माझ्यासाठी.

मामा : बरं. हे घे, ओढलं.

भाची : अडकलं?

मामा : परत ओढू दे.

भाची : अडकतंय ना?

मामा : अडकतंय.

भाची : मामा...

मामा : गप्प राहा जरा. काल तिसरं नख तू दाबलंस तेव्हा काही झालं होतं?

भाची : टिक झालं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही.

मामा : ते मलाही ऐकू आलं. ते टिक नखाचं. नख बरोबर बसलं की बोलतं, चांगला आवाज तो. खडा फुटताना आवाज करत नाही. तुझं तिसरं नख ठीक आहे. मग हे कशानं झालं?

भाची : माझ्यामुळं झालं. सकाळी मी तो ताईंच्या मशीनमध्ये घातला. काचेचा समजून.

मामा : तू घातलास?

भाची : हो. घाई होती, बघितलंच नाही नीट.

मामा : किती वाजता?

भाची : सकाळीच. तुम्ही यायच्या आधी.

मामा : हॉलचं कुलूप उघडलं तेव्हा रखवालदाराशेजारी मी उभा होतो. तू साडेनऊला आलीस, गळ्यात घालायचे पास घेऊन. आणि डबी तोवर माझ्या खिशात होती.

भाची : मग मी नंतर...

मामा : तुझी आई लहानपणी खोटं बोलायची तेव्हा अशीच उभी राहायची, एका पायावर. दोन्ही पाय टेक. काचेची अंगठी कुठाय?

भाची : ट्रेमध्ये आहे.

मामा : काळी आहे अजून?

भाची : हो.

मामा : ते काळं फडक्यानं पूस. पुसलंस? आता दोन्ही अंगठ्या माझ्या हातांवर ठेव, एकेका हातावर एक. कुठली कुठली ते सांगू नकोस.

भाची : नको ना, मामा.

मामा : ठेव म्हणतो ना. हं. वजनात काही फरक नाही. पाचू ह्या हातात आहे, उजव्या.

भाची : राहू द्या ना, मामा.

मामा : बोल.

भाची : डाव्या हातात आहे.

मामा : बरं.

भाची : कधीपासून?

मामा : आठ महिने झाले. मधोमध डाग पडलाय. आधी उजव्यात होता, आता डाव्यातही आलाय. कडेनं सगळं दिसतं. तुझं तोंड बघायचं तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं. खांब दिसतो, माणूस दिसतो, नख दिसत नाही.

भाची : डॉक्टरला दाखवलंत?

मामा : दोघांना. डोळ्याच्या आतल्या पडद्याचं आहे म्हणाले. आहे तेवढं सांभाळायचं.

भाची : मामींना माहीत आहे?

मामा : नाही.

भाची : मग आठ महिने तुम्ही काम कसं केलंत?

मामा : बोटांनी. पन्नास वर्षांची सवय आहे, बोटं वाट चुकत नाहीत. आणि तू होतीस ना शेजारी. तुला प्रदर्शनांना आणायला लागलो तेव्हा म्हणालो, चार माणसं ओळखतील तुला. खरं म्हणजे अवजाराचं टोक जिथं हवं तिथं पोचलंय का, हे बघायला मला कुणीतरी हवं होतं. तू म्हणायचीस, मामा, जरा डावीकडे. मी म्हणायचो, शहाणपणा नको शिकवू. आणि डावीकडे घ्यायचो.

भाची : मला किती राग यायचा त्याचा.

मामा : यायलाच हवा होता. मला भीती वाटते गं. तू भितेस ना माझ्या ओरडण्याला, त्याच्या दसपट. सकाळी जाग आली तरी मी बराच वेळ डोळे मिटून पडतो. उघडले की डाग केवढा झालाय ते बघावं लागतं म्हणून. तुझी मामी म्हणते, म्हातारपणी आळशी झालात.

भाची : मला सांगायचं होतं हो. मी काय कुणाला बोलले असते?

मामा : एकाला सांगितलं की ते खरं होतं. किती वाजले?

भाची : बाराला दहा कमी.

मामा : ऐक. मघाशी तूच म्हणालीस ना, काचेचा बसवू? तो बसवू.

भाची : लोकांना सांगून म्हणाले होते मी.

मामा : न सांगता बसवू. पडद्यावर फरक कळत नाही, तुझेच शब्द. नख बंद करू, नाव कोरू, अंगठी त्यांना देऊ. पाचू आपल्याकडे राहील. त्याच्यात परत तेल भरून आणू. महिन्याभरानं सफाईच्या निमित्तानं अंगठी मागवू आणि खडा बदलू. कुणाचं काही जात नाही.

भाची : मामा, तुम्ही बोलताय हे?

मामा : कोण दुसरं बोलतंय इथं? रोव ती काचेची लाखेत. लवकर.

भाची : थोरली ती काच आईचा खडा म्हणून महिनाभर बोटात घालणार. डोळ्यांना लावणार.

मामा : महिनाभरच.

भाची : आणि तेल काय एकदा भरलं की चीर मिटते? ती आता आहे. महिन्यानं चौथं नख तुम्ही कशावर दाबणार?

मामा : तेव्हाचं तेव्हा बघू.

भाची : कोण बघणार? कुठली काच आणि कुठला पाचू, हे तेव्हा कोण सांगणार तुम्हाला? मीच ना? मी नाही करणार हे. नावही मी कोरणार नाही.

मामा : मग दार तिकडे आहे.

भाची : कुठं आहे ते तरी दिसतंय का तुम्हाला?

(मामा चष्मा काढतात.)

भाची : चुकलं माझं. मामा, चुकलं हो. तोंडातून गेलं.

मामा : नाही दिसत. उजेड दिसतो तिथं. ते दारच असावं असा अंदाज आहे.

भाची : माझी जीभ झडो. तुमच्याशी असं बोलायचं नव्हतं मला. घाबरलेय मी. सकाळी खड्यापायी घाबरले होते, आता तुमच्यापायी. तुम्ही नियम सांगता तेव्हा मला तुमची भीती वाटते, ती चालते मला. पण आत्ता तुम्ही खडा बदलू म्हणालात ना, तेव्हा कुणी परकाच माणूस बोलतोय असं वाटलं.

मामा : दोन माणसांना हाकललं मी, ह्याच्यापेक्षा लहान गोष्टीसाठी. मेहुणा पाया पडत होता. मी म्हटलं, फुटलेला खडा चालेल, लपवलेला नाही. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. तेव्हा दिसत होतं ना सगळं, म्हणून तोरा होता.

भाची : मामा, त्या येतायत. थोरली पुढं आहे.

थोरली : काका, आलो हं आम्ही. पहिल्याच रांगेत बसलोय. धाकटी म्हणतेय, मला बघवणार नाही, नख दाबताना मी डोळे मिटून घेणार. मी म्हटलं, अगं, काका आहेत ना, कशाला घाबरतेस? आईसुद्धा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही तो खडा.

मामा : बसा तुम्ही. सुरू करतो पाच मिनिटांत.

थोरली : तुमची तब्येत बरी आहे ना? घामाघूम झालात.

मामा : दिव्याचा उकाडा आहे. बसा.

भाची : गेल्या त्या. मामा, आता काय करायचं?

मामा : चौथं नख न दाबता खडा बाहेर काढायचा झाला, तर तीन नखं परत उघडावी लागतील. उघडताना खडा हलला तर चीर पुढं सरकेल. बसवण्यापेक्षा ते वाईट काम. मी आयुष्यात असं चारदा केलंय. दोनदा फुटला.

भाची : माहीत आहे.

मामा : तू कधी केलंयस?

भाची : काचेवर केलंय. पाचूवर नाही.

मामा : अंगठी लाखेत रोव. खरी. मी लोकांकडे तोंड करून उभा राहतो, तू माझ्या खुर्चीवर बस.

भाची : मी? एवढ्या लोकांसमोर? मामा, माझे हात बघा, हे असे थरथरतायत.

मामा : थरथर दिसत नाही मला. बस. माईक दे इकडे. हे चालू करायचं बटण कुठं आहे?

भाची : अंगठ्याखाली. लागला दिवा. चालू झाला.

मामा : नमस्कार. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी मागं उभं राहावं, पडदा मोठा आहे, सगळ्यांना दिसेल. कागदावर लिहिलंय की आज मी एक पाचू बसवून दाखवणार. ते होणार नाही. आज तो काढायचा आहे. ज्यांचा खडा आहे त्या दोघी समोर बसल्यायत, म्हणून आधी त्यांना सांगतो, मग तुम्ही ऐका. तुमच्या आईचा खडा माझ्या हातून बिघडलाय. पाचू ज्या मशीनमध्ये कधी घालू नये, त्यात मी तो सकाळी घातला. त्याच्या पोटातली जुनी चीर उघडी पडलीय.

थोरली : म्हणजे फुटला, काका?

मामा : फुटलेला नाही. पण आत्ता बसवायला गेलो तर फुटेल. काढायला गेलो तरी फुटू शकेल. तुम्ही म्हणाल तर इथंच, तुमच्यासमोर काढू. नाही म्हणालात तर अंगठी आहे तशी डबीत घालून देतो, तुम्ही दुसऱ्या कुणाला दाखवा. मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी तुम्ही तिकडे बघू नका.

थोरली : तुम्ही काढणार ना पण? तुमच्या हातानं?

मामा : नाही. ही काढणार.

थोरली : ह्या कोण?

मामा : माझी भाची. तीन वर्षं शिकतेय. चीर तिनं शोधली, मी नाही. आज काच बसवून तुम्हाला घरी पाठवू असं मी तिला म्हणालो होतो. तिनं नाही म्हटलं. मी तिच्या जागी असतो तर मला ते जमलं नसतं.

भाची : मामा, माईक चालू आहे.

मामा : माहीत आहे. सांगा, काय करू?

थोरली : धाकटी म्हणतेय... थांबा हं. ती म्हणतेय, ज्यांना दिसलं त्यांनी काढावा. माझंही तेच म्हणणं आहे. काढा.

मामा : ऐकलंस? घे हाती. पहिलं नख कुठलं घेणार?

भाची : चिरेच्या समोरचं.

मामा : का?

भाची : दाब तिथून सुटला की चिरेवरचा ताण कमी होईल.

मामा : बरोबर. मनगट टेकव. श्वास सोडून मग उचल, धरून ठेवू नकोस. आणि काय काय होतंय ते मोठ्यानं सांगत जा.

भाची : पडद्यावर दिसतंय की सगळ्यांना.

मामा : सगळ्यांना दिसतंय. मला दिसत नाही. तू सांग.